आग्रा रोडची घाण आणि बिनलेबलची बाटली

मंडळी, गेल्या विकेंडला इथे काही लिहिलं नाही. का, तर मी मामांच्या ट्रकचा बंपर घासत होतो. हसू नका. आठवडाभर पुण्यात बसून कोड लिहायचा, शुक्रवारी रात्री धक्के खात नाशिक गाठायचं आणि रविवारी सकाळी आडगावच्या पुढे एका शेडमध्ये बादली घेऊन बसायचं, हे काही मिरवण्यासारखं नाही, मान्य. पण त्या अडीच तासांत डोकं असं काही तापलं की म्हटलं, पुढचा लेख यावरच.

झालं असं. मामांची दहा चाकी गाडी आहे. पिंपळगाव-लासलगावहून कांदा भरायचा, वाशीला टाकायचा, कधी उरणच्या बाजूला जायचं, येताना मिळेल तो माल घेऊन परत. गाडीला पुढे क्रोमचा बंपर, हेडलाइटभोवती क्रोमच्या रिंगा, आरशांना क्रोमच्या टोप्या, चाकांना कप. मामांनी तीन वर्षांपूर्वी हौसेने बसवून घेतलं होतं. तेव्हा त्या बंपरमध्ये बघून दाढी करता आली असती. या शनिवारी पाहिलं तर बंपरवर पिवळसर झाक, मध्येच दुधाळ डाग, खालच्या कडेला गंजाचे टिपके. आणि गाडीचा क्लिनर, वीस वर्षांचं पोरगं, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधून बसलेलं.

"काय झालं रे बोटांना?"

"काय नाय दादा, पावडर लागली."

पावडर म्हणजे काय, तर हायवेवरच्या एका वॉशिंगवाल्याकडून घेतलेली बाटली. मिनरल वॉटरची जुनी बाटली, आत फिकट पिवळं पाणी, वर लेबल नाही, नाव नाही, काही नाही. बूच उघडलं की नाकात झणझणतं. ही ब्रशने बंपरला लावायची, फेस आला की पाणी मारायचं, पाच मिनिटांत गाडी लखलखीत. मामा मोठ्या कौतुकाने सांगत होते. दर पंधरा दिवसांनी, गेले दहा महिने.

आता माझा मुद्दा सरळ सांगून टाकतो, मग खुशाल भांडा. क्रोमला ऍसिड लावणं हे साफ करणं नाहीच, ते सोलणं आहे. आणि आपल्या हायवेवर थंडीत गाडीला जी घाण बसते तिला ऍसिड लागतच नाही. म्हणजे आपण ज्या रोगासाठी औषध देतोय तो रोग पेशंटला नाही, आणि औषधाने पेशंट मरतोय.

आधी घाण बघू. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहेच. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून यायला लागला की आपण मफलर काढतो. पावसाळा संपून दोन महिने झालेले, साइडपट्ट्यांची माती सुकून पीठ झालेली. त्यात २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी ठिकठिकाणी कामं काढलेली, म्हणजे खडीची भुकटी वेगळीच. ही धूळ दिवसभर गाडीवर बसते. डिझेलची काजळी, टायरचा झिजलेला रबर, पुढच्या गाडीने गाळलेलं ऑइल, हे सगळं तिच्यात मिसळतं. थंडीत हवा जमिनीलगत साचून राहते, धूर वर जात नाही, म्हणून हे जास्तच. मग पहाटे दहिवर पडतं. द्राक्षवाल्यांची झोप उडवणारं तेच दहिवर. थंडगार पत्र्यावर पाणी धरतं, धुळीचा चिखल होतो, आठ वाजता ऊन पडलं की तो चिखल भाजून निघतो. दुसऱ्या दिवशी वर अजून एक थर. आठवड्याभरात बंपरवर सारवल्यासारखं दिसतं.

पण नीट बघा, हे सगळं काय आहे? माती, काजळी आणि तेल. यात एकही गोष्ट अशी नाही की जी पाणी, साबण आणि थोडा वेळ दिल्यावर सुटणार नाही. मुळात ती धातूला चिकटलेलीच नाही, नुसती त्यावर बसलेली आहे.

माझा आतेभाऊ मिशिगनमध्ये असतो. त्याच्याशी फोनवर बोललो तर तो म्हणाला, "अरे, आमच्याकडे हिवाळ्यात गाड्या खाल्ल्या जातात." तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, टनावारी. ते मिठाचं पाणी उडून चासीत, बंपरच्या मागे, सांध्यांत जाऊन बसतं आणि लोखंड खातं. तिकडच्या ट्रकवाल्यांना हिवाळ्यात गाडी धुणं ही चैन नाही, गरज आहे, आणि तिकडे बाजारात नाना तऱ्हेची जहाल औषधंही मिळतात. तिकडची ही औषधं आणि नुस्खे बघून आपलेही लोक ऍसिडच्या बाटल्या हातात घेतात. अहो, पण आपल्या रस्त्यावर मीठ कुठे आहे? कसारा घाटात बर्फ पडतो का? आपल्याला मिठाची भीती एकाच ठिकाणी, न्हावा-शेवा उरणच्या खाऱ्या हवेत. तिथून आल्यावर गाडी धुवाच. पण मीठ पाण्यात विरघळतं हो! शाळेतलं पोरही सांगेल. त्याला भरपूर साधं पाणी पुरतं. ऍसिड मारून तुम्ही मीठ काढत नाही, उलट त्याचंच भावंड आत सोडताय. ते कसं, पुढे सांगतो.

तर आता क्रोमकडे. इथे माझी मामींशी जुंपली. मामींचा युक्तिवाद असा: "देवाची पितळी भांडी चिंचेने घासली की लख्ख होतात ना? चिंच म्हणजे ऍसिडच. मग बंपरला काय धाड भरलीय?"

मंडळी, हा युक्तिवाद साधा वाटतो, पण सगळा घोळ इथेच आहे. मामींचा तांब्या आतून-बाहेरून पितळेचा आहे. चिंचेने वरचा काळा थर विरघळला, खाली पुन्हा पितळच. शंभर वर्षं घासा, तांब्या तांब्याच राहतो. बंपर क्रोमचा नाही. बंपर लोखंडाच्या पत्र्याचा आहे. त्यावर निकेलचा मुलामा, आणि निकेलवर क्रोमची अगदी पातळ साय. किती पातळ? सजावटीच्या क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. तीन वर्षांपूर्वी मामांनी जे पैसे मोजले ते या सायीचे.

मग मी मामींना म्हटलं, "तुमच्याकडे कल्हईचं पातेलं होतं ना? त्याच्या आतून तुम्ही चिंच आणि विटेची भुकटी घेऊन घासलं असतं का?" मामी म्हणाल्या, "काहीतरीच काय! कल्हई जाईल की. मग ताक कळकेल त्यात."

बास. क्रोम म्हणजे कल्हई. मामांना दहा महिने जे कळलं नाही ते मामींना दहा सेकंदांत कळलं. (मामा तिथेच बसले होते. असो.)

आणि ऍसिड नेमकं काय करतं? या बिनलेबलच्या बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा असतं ते संडास-फरशीचं ऍसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक. आता एक मजा ऐका. प्लेटिंगवाल्याकडे जुना बंपर पुन्हा क्रोम करायला नेला तर आधी जुना क्रोम काढावा लागतो. तो कशाने काढतात? याच ऍसिडने! म्हणजे ज्या द्रावाने कारखान्यात क्रोम *उतरवतात* त्यानेच आपण हायवेवर क्रोम *धुतो*. पाणी घालून पातळ केलेलं असतं, पटकन धुवून टाकतात, म्हणून एका दिवसात जात नाही एवढंच. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं जातं. तुम्हाला जो लखलखाट दिसतो तो ताज्या सोललेल्या धातूचा. आणि ती पिवळसर झाक? मामांना वाटत होतं धूर बसलाय, म्हणून अजून ऍसिड. अहो, क्रोमची चमक निळसर असते आणि निकेलची किंचित पिवळसर. पिवळं दिसायला लागलं म्हणजे वरची साय संपली, खालचं निकेल उघडं पडलं. त्याच्यावर अजून ऍसिड म्हणजे... काय बोलणार.

बरं, गोष्ट इथे संपत नाही. क्रोमचा थर अखंड काचेसारखा नसतो, त्यात सूक्ष्म चिरा आणि भोकं असतात. ऍसिड त्यातून आत शिरतं. वरून पाणी मारलं तरी चिरांतलं आणि बंपरच्या मागच्या घड्यांतलं क्लोराइड निघत नाही. मघाशी मिठाचं भावंड म्हटलं ते हेच. मिशिगनमध्ये सरकार मीठ टाकून जे करतं ते आपण पदरचे पैसे देऊन करतोय. आठ-दहा दिवसांनी बारीक तांबूस टिपके दिसतात, आणि आपण म्हणतो "हल्लीच्या मालात दमच नाही". त्या वॉशिंगवाल्याकडे गेलो होतो तेव्हा शेडमधले पान्हे, साखळ्या, दाराची कडी, सगळं गंजून तांबडं झालेलं. उघड्या ऍसिडच्या वाफेनेच होतं ते. ज्याच्या पान्ह्यांची ही गत, त्याच्याकडे आपण गाडी चमकवायला नेतो!

आता दोन बोटांबद्दल.

मामांचं म्हणणं, "अरे, एवढं तेवढं लागतंच या लाइनीत. हात राठ होतात." मला इथे खरंच राग आला, आणि मामांवर मी सहसा रागवत नाही. पोराला हातमोजे नाहीत, चप्पल घालून उभं, ब्रश पुढे झडला की तोंडावर शिंतोडे. हायड्रोक्लोरिकने निदान लगेच चटका बसतो, हात झटकून पाण्याखाली तरी धरता येतो. गाड्या धुवायच्या काही औषधांत हायड्रोफ्लोरिक ऍसिड असतं, ते महाभयंकर. पातळ असेल तर लागलेलं लगेच कळतही नाही. काही तासांनी, रात्री झोपेत ठणका सुरू होतो, तोवर ते कातडीतून खाली हाडापर्यंत पोचायला निघालेलं असतं. त्याच्यावर साधं बर्नॉल चालत नाही, कॅल्शियमचं वेगळं मलम लागतं. अमेरिकेत एकट्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या धुवायच्या असल्या औषधांनी भाजलेल्या ४८ कामगारांची नोंद झाली. तिकडे लेबलं असतात, मोजे असतात, नोंद ठेवणारं खातं असतं, तरी ४८. आपल्या पोराच्या बोटांची नोंद कुठे झाली? माझ्या या लेखात, बस.

आणि हो, कायदा. तेजाब फेकण्याच्या गुन्ह्यांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की ऍसिड विकणाऱ्याने वही ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवंय ते लिहून घ्यायचं. आमच्या बाटलीसाठी कुणी काय विचारलं? "एक लिटर का दोन?" एवढंच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: वेळ नाही. ट्रान्सपोर्टवाला गाडीला लगेच भरायला लावतो, ड्रायव्हर दमलेला, क्लिनर एकटा, मग कोण बसणार घासत? हे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ते खरं आहे. धंद्यात गाडी उभी म्हणजे तोटा. पण मी घड्याळ लावून बसलो होतो. ऍसिडने बंपर, रिंगा, आरसे, कप मिळून वीस मिनिटं जातात. "पाच मिनिटं" ही नुसती बोलायची भाषा, पाणी मारणं आणि पाइप गुंडाळणं कुणी मोजतच नाही. साबणाने, रोज न धुतलेल्या गाडीला, चाळीस. म्हणजे फरक वीस मिनिटांचा, पंधरा दिवसांतून एकदा. वाशीच्या मार्केटात माल उतरायची वाट बघत गाडी कितीतरी तास उभीच असते, तिथे वेळ नसतो असं कुणी म्हणेल का?

आमच्या धंद्यातही हा प्रकार आहे. प्रॉडक्शनवर काहीतरी फाटलं की मॅनेजर म्हणतो आधी पॅच मारा, कारण नंतर बघू. नंतर कुणी बघत नाही. पॅचवर पॅच, पॅचवर पॅच, आणि एक दिवस अख्खं मॉड्यूल नव्याने लिहावं लागतं. फक्त आमच्याकडे कुणाची बोटं भाजत नाहीत.

दुसरा पंथ डिझेलवाल्यांचा. डिझेल किंवा रॉकेलमध्ये बोळा बुडवून सगळी गाडी पुसायची. हे लोक ऍसिडवाल्यांना नावं ठेवतात आणि स्वतःला शहाणे समजतात. क्रोम खात नाही हे खरं, पण डिझेलचा तेलकट पापुद्रा मागे राहतो. विल्होळी येईपर्यंत गाडी चमकते, घोटीपर्यंत त्या पापुद्र्यावर सगळ्या आग्रा रोडची धूळ येऊन बसते. (कागदोपत्री तो आता नाशिकच्या अलीकडे १६० आणि पलीकडे ६० नंबरचा महामार्ग आहे म्हणे. आम्ही आग्रा रोडच म्हणणार.) डांबराच्या ठिपक्यांपुरतं रॉकेल ठीक, तेही चिंधीला चार थेंब, आणि वर पुन्हा साबण.

मग आम्ही रविवारी काय केलं ते सांगतो, म्हणजे नुसता शिव्या देतो असं नको.

पहिल्यांदा चुंबक फिरवला. कारण आपण ज्याला सरसकट क्रोम म्हणतो त्यातलं निम्मं क्रोम नसतंच. बंपरला चुंबक घट्ट चिकटला, म्हणजे खाली लोखंड आणि वर मुलामा. चाकांच्या कपांना जेमतेम ओढ, ते स्टेनलेस स्टील. आरशाच्या टोप्यांना काहीच नाही आणि नखाने टकटक केलं तर बद्द आवाज, म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला क्रोम. तिन्हींना एकच बाटली लावत होतो आम्ही! स्टेनलेसलाही या ऍसिडने खड्डे पडतात. प्लास्टिकच्या टोप्यांचं तर विचारूच नका, एकीची साय पापडासारखी सुटली होती.

गाडी सावलीत घेतली, पत्रा गार होऊ दिला. मग नुसतं पाणी, प्रेशर न मारता, वरून खाली सोडलं आणि चहा प्यायला गेलो. हा चहा महत्त्वाचा आहे, थट्टा नाही. भाजलेला चिखल भिजायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आपण देत नाही आणि मग तारेची घासणी घेतो. कोरडी धूळ फडक्याने घासली की ती पॉलिश पेपरचं काम करते. खडीची भुकटीच ती, आपला काळा पत्थर.

परत आलो तर अर्धा चिखल आपणच खाली आला होता. मग दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, एकीत साधं. जुना सुती बनियन साबणात बुडवायचा, एक पट्टा पुसायचा, साध्या पाण्यात पिळायचा, मगच परत साबणात. नाहीतर काढलेली रेती आपणच परत लावतो. रिंगांच्या खाचांत जुना टूथब्रश. किडे चिकटले होते तिथे ओलं फडकं ठेवून दिलं, घासलं नाही. सिमेंटचे शिंतोडे होते दोन ठिकाणी, ते काही निघाले नाहीत. ते ओले असतानाच धुवायचे असतात, वाळल्यावर ऍसिडशिवाय हटत नाहीत आणि ऍसिडने त्यांच्याबरोबर क्रोमही जातो. राहू दिले.

गंजाच्या टिपक्यांना पोराने स्वतःहून एक युक्ती सांगितली. त्याच्या आधीच्या उस्तादाने शिकवलेली: सिगरेटच्या पाकिटातली चांदी. ती ओली करून हलक्या हाताने चोळायची. मी म्हटलं, अरे, हे तर बरोबर आहे! ती चांदी म्हणजे ऍल्युमिनियम, क्रोमपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे क्रोमला ओरखडा न पडता गंज निघतो. आम्ही घरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल घेतली. तांबडे टिपके गेले, खाली टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे राहिले. ते आता कायमचे. म्हणजे या पोराला योग्य पद्धत आधीपासून माहीत होती. त्याला कुणी विचारलं नाही, हातात बाटली दिली.

शेवटी कोरडं पुसणं. हे शंभरातले नव्वद लोक करत नाहीत. बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग, आणि ते डाग घालवायला पुन्हा... बरोबर, ऍसिड. सुक्या फडक्याने पुसलं, वर गाडीचं मेण अगदी पातळ लावलं. खोबरेल किंवा इंजिन ऑइल नको, धूळ धरतात. मेणावर दहिवराचा थेंब ओघळून जातो, पुढच्या वेळी निम्मी मेहनत.

बंपर नव्यासारखा झाला का? नाही. पिवळी झाक तशीच आहे. गेलेला क्रोम साबणाने येत नाही. परत चढवायचा तर सातपूर-अंबडकडच्या प्लेटिंगवाल्याकडे न्यावा लागेल, आणि ते काम म्हणजे क्रोमिक ऍसिडची टाकी, त्यातला सहा-संयुजी क्रोमियम हा कॅन्सर करणारा म्हणून जगभर नोंदलेला. तिथेही कुणीतरी वीस वर्षांचं पोरगं उभं असणार. आहे तो थर टिकवण्यात काय कंजूषपणा आहे?

एक मित्र म्हणाला, "मुळात ट्रकला क्रोम कशाला? नसती हौस." मला हे पटत नाही. जो माणूस महिन्यातले वीस दिवस त्या केबिनमध्ये झोपतो त्याने आपल्या घराचं दार चमकवलं तर आपल्याला काय त्रास? आपण मोबाइलला दर सहा महिन्यांनी नवं कव्हर घेतोच ना. माझा राग हौसेवर नाही. पण एक गोष्ट मात्र बोलणार. बंपरला एवढे लाड, आणि गाडीच्या मागे जाऊन बघा. लाल दिवे मातीने बंद, रिफ्लेक्टरची पट्टी काळी ठिक्कर. डिसेंबर-जानेवारीत इगतपुरीच्या पुढे पहाटेच्या धुक्यात मागच्या गाडीवाल्याला तुमचा चकचकीत बंपर दिसत नाही, त्याला ते मागचे दिवे दिसायला हवेत. आम्ही ते पुसले तेव्हा बादलीतलं पाणी शाईसारखं झालं. पाच मिनिटंही लागली नाहीत. ही पाच मिनिटं मात्र खरी.

आणि ते पाणी जातं कुठे? शेडच्या मागे नाला, नाला शेवटी गोदावरीला. नदीत गाड्या धुवू नका हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. गोदावरीच्या प्रदूषणावर २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, नंतर बरीच आदळआपट झाली. घाटावर गाडी उतरवली तर हटकतात तरी. पण नदीपासून लांब हायवेवर बसून तीच घाण वर ऍसिड घालून नाल्यात सोडली तर कुणी हटकत नाही. साबणाचं पाणी काही गंगाजल नव्हे, मला ठाऊक आहे. पण त्यात विरघळलेलं निकेल तरी नसतं.

संध्याकाळी मामा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बंपरवर बोट फिरवलं. "पिवळं तसंच आहे की," म्हणाले. मी पुन्हा सगळं सांगितलं, निकेल, क्रोम, कल्हई. त्यांनी ऐकून घेतलं. पोराला रबरी मोजे आणून दिलेत, ते त्याने केबिनमध्ये देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेत, नवे म्हणून. बोटं दवाखान्यात दाखवली, मलम चालू आहे.

बाटली अजून सीटखाली आहे. मी विचारलं तर मामा म्हणाले, "असू दे रे, अर्धी शिल्लक आहे. पैसे दिलेत."